हरवली ती यादी, गाणीं नव्हेत



आपल्यापैकीं पुष्कळांच्या घरीं, कपाटाच्या एखाद्या खणांत, जुने चष्मे आणि बंद पडलेलीं घड्याळें यांच्या सोबतीला, पत्त्यांच्या जोडाएवढें एक चपटें यंत्र पडून असेल. एके काळीं त्यांत शेंकडों गाणीं होतीं. प्रवासांत, स्वयंपाकघरांत, रात्रीं निजतांना उशाशीं, तें आपणांस सोबत करीत असे. मग एके दिवशीं त्याच्या पडद्यावर ‘गाणीं नाहींत’ अशीं अक्षरें उमटलीं, आपण थोडे हळहळलों, आणि तें खणांत जाऊन पडलें. आजच्या माझ्या भाषणाचा विषय हें खणांतलें यंत्र आहे. माझें म्हणणें एका वाक्यांत सांगतां येण्यासारखें आहे, तें आधींच सांगून टाकतों. अशा यंत्रांतून पुष्कळदां गाणीं हरवलेलीं नसतातच. हरवलेली असते ती त्यांची यादी. हा भेद ज्याला कळला त्याचीं गाणीं बहुधा परत मिळतात. ज्याला कळला नाहीं, तो तीं आपल्याच हातानें कायमचीं पुसून टाकण्याचा संभव असतो.

हें मी केवळ पुस्तकी ज्ञानावर बोलत नाहीं. २०११ सालच्या दिवाळींत माझी थोरली बहीण माझ्याकडे आली होती. तिच्याजवळ असें एक यंत्र होतें. त्यांत चारशेंच्या आसपास नाट्यगीतें, भावगीतें आणि अभंग होते. पण त्यांशिवाय अकरा मुद्रणें अशीं होतीं, कीं जीं जगांतल्या कोणत्याहि दुकानांत मिळालीं नसतीं. आमची आई जात्यावरच्या ओव्या आणि भूपाळ्या फार गोड म्हणत असे. २००७ सालीं ताईनें एका लहानशा ध्वनिमुद्रकावर त्या उतरून घेतल्या. २००९ सालीं आई गेली. ज्या संगणकावरून तीं मुद्रणें यंत्रांत भरलीं होतीं, तो पुढें बिघडला आणि भंगारवाल्याच्या हवालीं झाला. म्हणजे आईचा आवाज आतां त्या एका यंत्रांत होता, अन्यत्र कोठेंहि नव्हता. आणि खरें सांगावयाचें तर ही गोष्ट त्या दिवसापर्यंत आमच्यापैकीं कोणाच्याहि ध्यानांत आली नव्हती.

माझ्या मुलानें आत्याच्या यंत्रांत दोन नवीं गाणीं भरावयास घेतलीं. काम चालू असतांनाच आंतून फराळाची हांक आली, आणि उठतांना कोणाच्या तरी पायांत अडकून तार निसटली. यंत्र पुन्हां सुरू करून पाहिलें, तों पडद्यावर एकहि गाणें नाहीं! यंत्राचा यांत कांहीं दोष नव्हता. चाललेलें काम आम्हींच मध्यें तोडलें होतें. ताई कांहीं बोलली नाहीं. यंत्र हातांत घेऊन ती नुसती बसून राहिली. संगणकाच्या पडद्यावर एक मोठा सभ्य प्रश्न आलेला होता: हें यंत्र पूर्ववत् करावयाचें काय? मुलाचें बोट ‘होय’कडे वळणार, इतक्यांत ताईची नजर पडद्याच्या तळाशीं असलेल्या एका पट्टीवर गेली. यंत्रांतील जागा किती भरली आहे आणि किती रिकामी आहे, हें ती पट्टी दाखवीत होती.

“अरे, गाणीं नाहींत म्हणतोस, मग एवढी जागा कशानें भरली आहे?” ताईनें विचारलें.

त्या एका प्रश्नानें आईचा आवाज वांचला. तेव्हां प्रथम त्या प्रश्नाचें उत्तर आपण समजून घेऊं.

आपल्या गांवांतील एखादें मोठें ग्रंथालय डोळ्यांपुढें आणा. वाचक कपाटांजवळ जात नाहीं. तो कार्डांचा खण उघडतो, कार्डावरचा क्रमांक पाहतो, आणि त्या क्रमांकाचें पुस्तक त्याला मिळतें. उद्यां कोणी तो कार्डांचा खण पळविला तर ग्रंथालयांत ‘एकहि पुस्तक सांपडत नाहीं’ असें वाचक म्हणेल, आणि त्याचें म्हणणें एका अर्थानें खरेंहि असेल. पण पुस्तकें मात्र जागच्या जागीं उभीं असतात.

खिशांतील गायनयंत्राची रचना अगदीं अशीच आहे. ॲपल कंपनीनें आयपॉड हें यंत्र २३ ऑक्टोबर २००१ रोजीं जाहीर केलें. त्यांत पांच गिगाबाइट सामावणारी १.८ इंची चकती होती आणि एक हजार गाणीं खिशांत मावतात अशी त्याची ख्याति होती. २०२२ च्या मे महिन्यांत या घराण्यांतील शेवटचें यंत्रहि बंद करीत असल्याचें कंपनीनें सांगितलें. परंतु जुनीं यंत्रें अजून घरोघर आहेत. यांपैकीं चकतीप्रमाणें संगणकाला जोडतां येणारें यंत्र उघडून पाहिलें, तर त्यांत ‘आयपॉड कंट्रोल’ या नांवाचा एक लपविलेला कप्पा आढळतो. त्याच्या पोटांत संगीताचा कप्पा, आणि त्यांत ‘एफ शून्य शून्य’, ‘एफ शून्य एक’ अशा नांवांचे उपकप्पे. गाणीं या उपकप्प्यांत विखुरलेलीं असतात, आणि प्रत्येकाला चार अक्षरांचें एक निरर्थक नांव दिलेलें असतें. अभंग कोणता आणि लावणी कोणती, हें त्या नांवांवरून ब्रह्मदेवालाहि सांगतां यावयाचें नाहीं. कोणतें गाणें कोठें ठेवलें आहे, याचा सारा हिशेब ‘आयट्यून्स डीबी’ या एका निराळ्या फायलींत असतो. तीच यंत्राची यादी. यंत्र गाणीं शोधीत नाहीं. तें यादी वाचतें. यादी फाटली, कीं गाणीं असूनहि नसल्यासारखीं होतात.

आमच्या घरीं झालें तें हेंच. तार निसटली तेव्हां यादी लिहिली जात होती; ती अर्धवट राहिली. आणि ‘पूर्ववत् करा’ या गोड शब्दांचा अर्थ काय, हेंहि येथें सांगून ठेवतों. त्याचा अर्थ गाणीं पूर्ववत् करा असा नव्हे. यंत्र दुकानांतून आणलें त्या दिवसासारखें रिकामें करा, असा आहे. तसेंच, असें यंत्र एका वेळीं एकाच संगणकावरील संग्रहाशीं जुळतें. दुसऱ्या संगणकाला जोडून ‘जुळवून घ्या’ म्हटलें, कीं तो पूर्वींचा संग्रह पुसून आपला भरावयास निघतो. पुसण्यापूर्वीं तो विचारतो खरा. पण घाईंत असलेला मनुष्य प्रश्न वाचतो थोडाच!

आतां दुसरा प्रश्न. चार अक्षरांच्या निरर्थक नांवांचीं चारशें गाणीं हातीं आलीं, तरी त्यांना ओळखावयाचें कसें? याचें उत्तर देण्यासाठीं मी आपणांस थोडें मागें, १९०२ सालच्या कलकत्त्यास घेऊन जातों. त्या वर्षीं नोव्हेंबरांत ग्रामोफोन कंपनीच्या वतीनें फ्रेड गैसबर्ग यांनीं गौहर जान यांचें गाणें मुद्रित केलें. ज्यांनीं त्या जुन्या तबकड्या ऐकल्या आहेत त्यांना आठवेल, कीं गाणें संपतां संपतां बाई मोठ्या ठसक्यानें इंग्रजींत आपलें नांव सांगतात. पुष्कळांना ती नुसती मौज वाटते. पण त्यामागें व्यवहार होता. त्या काळीं तबकड्या छापल्या जात जर्मनींतील हॅनोव्हर येथें. तेथील कारागिरांना गाणारी कोण आणि भाषा कोणती, हें कळावें कसें? नांव गाण्याच्या पोटांतच असलें, म्हणजे कागद हरवले तरी तबकडीवर लेबल चुकीचें लागत नसे.

जी युक्ति १९०२ सालीं गायिकेच्या मुखानें साधली, तीच सुमारें ९४ वर्षांनंतर संगणकाच्या अक्षरांत आली. १९९६ सालीं एरिक केम्प यांनीं एमपी थ्री जातीच्या फायलीच्या अगदीं शेवटीं १२८ बाइटांची एक चिठ्ठी जोडण्याची पद्धत सुरू केली. तिला आयडी थ्री टॅग म्हणतात. आरंभीं ‘टॅग’ हीं तीन अक्षरें. मग गाण्याच्या नांवाला ३० जागा, गायकाला ३०, संग्रहाला ३०, वर्षाला ४, शेऱ्याला ३०, आणि गाण्याच्या प्रकाराला १. बेरीज करून पहा, बरोबर १२८ भरते. गौहर जान यांच्याप्रमाणेंच हें नांवहि गाण्याच्या शेवटीं येतें, हा योगायोग मला मोठा गमतीचा वाटतो. मात्र ही चिठ्ठी रोमन लिपीचा हिशेब धरून आंखलेली होती. देवनागरी नांव तींत नीट बसत नसे. बळेंच बसविलें तर पडद्यावर प्रश्नचिन्हांची रांग उभी राही. १९९८ सालीं या पद्धतीची दुसरी आवृत्ति निघाली. ती चिठ्ठी फायलीच्या आरंभीं असते, तींत जागेची ओढाताण नाहीं, आपली लिपि मावते, आणि मुख्य म्हणजे तींत चित्रहि ठेवतां येतें.

चित्र म्हणजे गाण्याच्या संग्रहाचें आवरणचित्र. जुन्या तबकड्या साध्या कागदी पाकिटांत येत. मध्यें एक गोल भोंक, त्यांतून लेबल दिसे, एवढीच शोभा. १९४० च्या सुमारास अमेरिकेंत कोलंबिया कंपनीसाठीं ॲलेक्स स्टाइनवाइस यांनीं वेष्टनावर चित्रें काढावयास सुरुवात केली, आणि गाणें डोळ्यांनींहि ओळखूं येऊं लागलें. २००४ सालीं आयपॉडला रंगीत पडदा मिळाल्यावर हीं चित्रें खिशांत आलीं. ज्यांना लहान अक्षरें वाचवत नाहींत अशा वृद्धांना तर चित्र हीच गाण्याची खूण असते. घरांतल्या आजींना गायकाचें नांव आठवत नाहीं, पण ‘तो तंबोऱ्याच्या चित्राचा’ असें म्हणून त्या नेमका संग्रह मागतात.

गाणीं परत मिळविलेल्या पुष्कळांची एक तक्रार असते: गाणीं आलीं, नांवें आलीं, पण चित्रें आलीं नाहींत. याचें कारण आतां आपल्या लक्षांत येईल. चित्र ज्यानें आपल्या हातानें एमपी थ्री गाण्याला चिकटविलें, त्याचें चित्र फायलीच्या पोटांत गेलें. गाण्याबरोबर तें परत येतें. परंतु २००६ सालापासून आयट्यून्स हा कार्यक्रम चित्रें आपण होऊन दुकानांतून आणूं लागला, आणि अशीं आणलेलीं चित्रें तो गाण्यांत न ठेवतां संगणकावरच्या एका स्वतंत्र कप्प्यांत ठेवीत असे. संगणक गेला कीं तीं गेलीं. यंत्रामध्यें चित्रांच्या प्रती असतात खऱ्या, पण त्या त्याच्या लहानशा पडद्याच्या मापानें आखूड केलेल्या, आणि त्यांचीहि यादी पुन्हां निराळी.

आम्हीं काय केलें तें आतां सांगतों. प्रथम ‘नको’ म्हणून तो सभ्य प्रश्न बंद केला. यंत्र चकतीप्रमाणें उघडलें, लपविलेले कप्पे दाखविण्याची सूचना संगणकाला दिली, आणि संगीताचा संपूर्ण कप्पा जसाच्या तसा संगणकावर उतरून घेतला. यंत्रावर मात्र एक अक्षरहि लिहिलें नाहीं. मग तो कप्पा संगीत सांभाळणाऱ्या कार्यक्रमाच्या स्वाधीन केला. त्यानें एकेका गाण्याच्या पोटांतील चिठ्ठी वाचली आणि अर्ध्या तासांत चारशें गाणीं आपापलीं नांवें घेऊन ओळीनें उभीं राहिलीं. मुलानें टाळ्या वाजविल्या.

पण ताई यादींत खालींवर पाहत होती. आईचें नांव कोठेंच नव्हतें. ध्वनिमुद्रकानें तीं मुद्रणें ‘वेव्ह’ जातीच्या फायलींत केलीं होतीं, आणि तशाच त्या यंत्रांत भरल्या होत्या. अशा फायलींत आयट्यून्स नांवाची चिठ्ठी लिहीत नाहीं. नांव आणि चित्र तो केवळ आपल्या यादींत ठेवतो. ताईनें मोठ्या हौसेनें प्रत्येक ओवीला नांव दिलें होतें, आईचें छायाचित्र लावलें होतें. तें सारें यादींत होतें आणि यादीबरोबर गेलें. दुकानांतून घेतलेल्या गाण्यांना नांवें होतीं, आणि जीं पुन्हां कोठेंच मिळणार नव्हतीं तींच अनाम झालीं होतीं.

तरी तीं होतीं. चार अक्षरांचीं नांवें धारण करून तीं त्या उपकप्प्यांत बसलेलीं होतीं. रात्रीं जेवणें आटोपल्यावर आम्ही भावंडें एकेक अनाम फाईल उघडून ऐकत बसलों. चौथ्या कीं पांचव्या फायलींत जात्याची घरघर ऐकूं आली. पहाटेपर्यंत अकराहि सांपडलीं. नऊंचीं नांवें ताईनें आठवून पुन्हां लिहिलीं. उरलेल्या दोन ओव्या कोणत्या प्रसंगाच्या, हें आम्हां कोणालाच सांगतां आलें नाहीं. जिला सांगतां आलें असतें, ती ऐकूं येत होती. पण तिला विचारतां येत नव्हतें.

श्रोतेहो, कोणाचीं गाणीं यादी फाटल्यामुळें नव्हे, तर प्रत्यक्ष पुसलीं गेल्यामुळें नाहींशीं झालीं असतील. तेथेंहि लगेच निराश होऊं नये. विंडोजवर बसविलेल्या जुन्या यंत्रांत फाईल पुसली जाते, म्हणजे तिच्या नांवाचें पहिलें अक्षर बदलून ‘ही जागा मोकळी’ अशी नोंद होते. आंतील मजकूर दुसरें कांहीं त्यावर लिहिलें जाईपर्यंत तसाच राहतो. म्हणून पहिला नियम हा, कीं गाणीं गेल्याचें कळतांच यंत्रावर नवें कांहीं भरूं नये. फोटोरेक या नांवाचा एक विनामूल्य कार्यक्रम यादीकडे ढुंकूनहि न पाहतां चकतीचा कोपरान्‌कोपरा वाचतो आणि फायलींच्या आरंभींच्या खुणांवरून गाणीं व चित्रें वेगळीं काढतो. सांपडलेला माल मात्र त्याच यंत्रावर न ठेवतां दुसरीकडे ठेवावा. तुकड्यातुकड्यांनीं विखुरलेलीं गाणीं यांतून कधीं कधीं अर्धवट येतात. आणखी एक इशारा दिला पाहिजे. आधुनिक फोनांत साठा सांकेतिक लिपींत कुलूपबंद असतो आणि पुसलेली जागा यंत्र स्वतःच झाडून टाकतें. तेथें ही युक्ति सहसा चालत नाहीं.

बाजारांत निघालेल्या गाण्यांचीं नांवें आणि चित्रें नव्यानें मिळविणें आतां सोपें झालें आहे. म्यूझिकब्रेन्झच्या मंडळींचा पिकार्ड हा कार्यक्रम गाण्याच्या नादावरूनच त्याची ओळख पटवूं शकतो. जणूं काय बोटांचा ठसाच. त्याच संस्थेनें इंटरनेट अर्काइव्हच्या साह्यानें २०१२ सालीं आवरणचित्रांचें एक सार्वजनिक भांडार उघडलें. परंतु हा ठसा जुळावयाचा तर दुसरा ठसा आधीं कोठें तरी नोंदलेला असावा लागतो. आपल्या आईच्या ओवीचा, आजोबांच्या भजनाचा, लेकराच्या पहिल्या बोबड्या गाण्याचा ठसा जगांतल्या कोणत्याच दफ्तरीं नसतो. तेथें जें करावयाचें तें आपणच केलें पाहिजे.

माझी वेळ संपत आली. जातां जातां तीन गोष्टी सांगतों. पहिली: खणांतलें यंत्र आज काढा, आणि ‘पूर्ववत् करा’ असें कोणी विचारल्यास ‘नको’ म्हणा, आधीं आंतील सर्व कप्पे दुसरीकडे उतरून घ्या. दुसरी: जें जगांत एकच आहे, त्याच्या निदान दोन प्रती करा, आणि त्या दोन घरीं ठेवा. तिसरी, आणि माझ्या मतें सर्वांत महत्त्वाची: घरच्या मुद्रणाला नांव द्यावयाचें तें यादींत देऊं नका, मुद्रणाच्या पोटांत द्या. चिठ्ठी लिहितां येत असेल तर ती लिहाच. पण मुद्रण सुरू करतांना कोण गात आहे, कोणत्या गांवीं, कोणत्या दिवशीं, हें गाणाऱ्याच्याच तोंडून वदवून घ्या. गौहर जान यांनीं सव्वाशेंहून अधिक वर्षांपूर्वीं नव्हे, पण जवळ जवळ तितक्याच काळापूर्वीं उच्चारलेलें नांव आजहि त्या तबकडीपासून कोणाला वेगळें करतां आलेलें नाहीं.

ताईनें आतां आईच्या प्रत्येक ओवीच्या आरंभीं आपल्या आवाजांत दोन शब्द जोडले आहेत. त्या दोन अनाम ओव्यांपूर्वीं ती एवढेंच म्हणते: “ही आमची आई.”